आजोबांचा गडगा, दिरांचा मेसेज आणि अनुच्छेद ३००क

गुहागर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र, नाव-गाव वगळून आणि थोडे संक्षिप्त करून:

"माननीय वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या आजेसासऱ्यांना खोताकडची जमीन कुळकायद्यात मिळाली आणि तिच्यात त्यांनी हापूसची कलमे लावली. १९७४ साली जेटीकडे जाणारा रस्ता या बागेतून काढण्यात आला. त्यात सुमारे सात गुंठे जमीन गेली. मोबदला मिळाल्याचे घरात कोणालाही आठवत नाही. सातबाऱ्यावर आजही पूर्ण क्षेत्र आमच्याच सामायिक खात्यावर आहे. नावे सतरा आहेत. आजोबांनी त्या वेळी हरकत घेतली नव्हती. माझ्या आत्येसासूबाई सांगतात की, गडगा, म्हणजे बागेचे दगडी कुंपण, पाडला त्या दिवशी ते दिवसभर चिरे उचलून बाजूला ठेवत होते. आता रस्ता रुंद होणार असून आणखी पाच गुंठे आणि अकरा कलमे जाणार आहेत. मोजणीच्या वेळी आलेले एक साहेब म्हणाले, 'मालमत्तेचा मूलभूत हक्क कधीच रद्द झाला. जुना रस्ता पन्नास वर्षे सरकारच्या ताब्यात आहे, त्याबद्दल आता बोलून उपयोग नाही. संमतीपत्रावर सह्या करून मोकळे व्हा.' गणपतीला आलेल्या माझ्या मुंबईच्या दिरांनी मात्र घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला आहे की, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सरकारला खासगी जमीन घ्यायला बंदी केली आहे. राज्यघटनेतली अक्षरे तीच असताना न्यायालय एकदा असे आणि एकदा तसे कसे म्हणते? कोणता निकाल खरा मानायचा? आणि आम्ही सह्या कराव्यात की नाही?"

ताई, साहेबांचे वाक्य अर्धे खरे आहे आणि तुमच्या दिरांचे त्याहूनही कमी खरे आहे. दोघांचीही चूक एकाच जातीची आहे. त्यांनी निकालाचे शीर्षक घेतले आणि त्याखालची हकिगत सोडून दिली. घाईने सह्या करू नका, एवढे आधीच सांगून ठेवतो. त्याचे कारण मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण तुमचा प्रश्न केवळ बारा गुंठ्यांचा नाही, तो निकाल वाचायचा कसा याचाही आहे.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत कातळावरच्या एका जमिनीच्या दाव्यात मी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील एक उतारा मोठ्या ऐटीत वाचून दाखविला होता. न्यायाधीशांनी तो शांतपणे ऐकून घेतला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढेच विचारले, "त्या खटल्यात ताबा कोणाकडे होता?" मला सांगता येईना. निकालातील ते वाक्य मी एका संग्रहातून उतरवून घेतले होते, खटल्याची हकिगत वाचलीच नव्हती. त्या दिवसापासून निकाल हातात आला की मी आधी मागची पाने वाचत नाही. कोण, कोणाविरुद्ध, कशासाठी आणि केव्हा न्यायालयात आले ते पाहतो. न्यायालय राज्यघटनेवर निबंध लिहीत नसते. समोर आलेल्या वादाला ते उत्तर देत असते. त्या उत्तरासाठी जेवढा विचार अपरिहार्य होता तेवढाच पुढच्या खटल्यांना बांधून ठेवतो. ओघात आलेली बाकीची वाक्ये कितीही भारदस्त असली तरी ती मते असतात, कायदा नसतो.

आता दिरांच्या मेसेजकडे वळू. नऊ न्यायाधीशांचा तो निकाल ५ नोव्हेंबर २०२४ चा आहे, आणि त्याचे मूळ मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, चाळींत आहे. म्हाडाच्या कायद्यात १९८६ साली घातलेल्या एका प्रकरणाने मोडकळीस आलेल्या इमारती संपादन करून त्या रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे देण्याची तरतूद झाली, आणि मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. त्यातून पुढे नऊ न्यायाधीशांसमोर गेलेला मोठा प्रश्न असा होता की, अनुच्छेद ३९(ख) मध्ये 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' असा जो उल्लेख आहे त्यात प्रत्येक खासगी मालमत्ता येते का. बहुमताने उत्तर दिले की, सरसकट प्रत्येक मालमत्ता येत नाही. वस्तूचे स्वरूप, तिची दुर्मिळता, समाजावर होणारा परिणाम अशा गोष्टी पाहून ते ठरवावे लागेल. रस्त्यासाठी, धरणासाठी किंवा बंदरासाठी कायद्याने जमीन संपादन करण्याचा सरकारचा अधिकार त्या निकालाने काढून घेतलेला नाही. तो प्रश्न तिथे नव्हताच. तेव्हा त्या मेसेजच्या भरवशावर मोजणी अडवायला कोणी जाऊ नये.

साहेबांच्या वाक्याचे उत्तर थोडे लांबचे आहे. ते तुमच्या घराच्या इतिहासातूनच जाते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. अनुच्छेद १९(१)(च) नुसार मालमत्ता मिळविण्याचा आणि बाळगण्याचा, आणि अनुच्छेद ३१ नुसार कायद्याशिवाय आणि मोबदल्याशिवाय ती गमावावी न लागण्याचा. हा हक्क तेव्हा सर्वांत जास्त उपयोगी कोणाला पडला असता? ज्याच्याकडे जमीन होती त्याला, म्हणजे कोकणात गावच्या सारावसुलीचे वतन असलेल्या खोताला. कुळाच्या हाती हक्क सांगायला जमीनच नव्हती. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबई विधिमंडळात मांडले होते. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी त्याच्याही आधी, १९३३ पासून, खोतांची शेते कसायचे सोडून वर्षानुवर्षे संप चालविला होता. खोती रद्द करणारा कायदा अखेर स्वातंत्र्यानंतर आला. पण त्याच सुमारास बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने समानतेच्या हक्काच्या आधारे रद्द ठरविला, आणि देशभरच्या भूसुधारणा न्यायालयात अडकतील अशी धास्ती निर्माण झाली. त्यावर संसदेने १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती केली, अनुच्छेद ३१क आणि ३१ख घातले आणि त्यांच्या जोडीला नवव्या अनुसूचीची पेटी तयार केली. त्या पेटीत ठेवलेला कायदा मूलभूत हक्काला धक्का लावतो म्हणून रद्द होणार नव्हता. सुरुवातीला तिच्यात तेरा कायदे होते. दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा कुळकायदा होता आणि सहाव्या क्रमांकावर आपला खोती निर्मूलन कायदा. दिल्लीत छापलेल्या राज्यघटनेच्या शेवटच्या पानांमध्ये कोकणातली खोती अशी आजही नोंदलेली आहे. पुस्तक हाताशी आले तर ते पान अवश्य काढून पाहा.

पुढे कुळकायद्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले, आणि त्या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले जमीनमालक हरले. तुमच्या आजेसासऱ्यांच्या नावावर जमीन झाली ती या वाटेने. थोडे कडू वाटेल, पण सांगतो: मालमत्तेचा हक्क सैल केला गेला म्हणूनच ही जमीन तुमच्या घरात आली, आणि आज त्याच सैलपणाचा दाखला देऊन ती तुमच्याकडून मागितली जात आहे. तरीही यात न्यायालयाचे किंवा संसदेचे ढोंग आहे असे मला वाटत नाही. खोताच्या शेकडो एकरांसाठी जे प्रमाण योग्य होते ते कुळाच्या मोजक्या गुंठ्यांना तसेच लावायचे का, हा प्रश्न न्यायालयांपुढे यायला वेळ लागला, एवढेच.

मधला काळ संसद आणि न्यायालय यांच्यातील ओढाताणीचा आहे. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने सांगितले की, मूलभूत हक्क आकुंचित करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. संसदेने दुरुस्त्या करून हा निकाल निष्प्रभ केला. त्यातल्या १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ मधील 'मोबदला' हा शब्द काढून त्याजागी नुसता 'रक्कम' हा शब्द घातला. मग केरळमधील एडनीर मठाचे केशवानंद भारती मठाच्या जमिनींसाठी न्यायालयात आले, तेरा न्यायाधीशांपुढे अडुसष्ट दिवस युक्तिवाद चालला, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरले की, संसदेला राज्यघटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल, परंतु तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. 'मूलभूत चौकट' हे शब्द राज्यघटनेत शोधून सापडणार नाहीत. अक्षरे तीच राहून अर्थ कसा वाढतो या तुमच्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण हेच आहे. 'दुरुस्ती' या शब्दाचाच अर्थ न्यायालयाने लावला: घराची दुरुस्ती म्हणजे घर पाडणे नव्हे. पण त्याच निकालात, ज्यांच्या मताने पारडे झुकले त्या न्या. हंसराज खन्ना यांनी मालमत्तेचा हक्क या मूलभूत चौकटीत बसत नाही असेही म्हटले. त्यामुळे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(च) आणि ३१ काढून टाकले तेव्हा त्या दुरुस्तीला घटनात्मक अडथळा उरला नव्हता. त्यांच्या जागी, मूलभूत हक्कांच्या भागाबाहेर, अनुच्छेद ३००क आला. त्याचा आशय एका वाक्याचा आहे: कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कोणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही.

साहेबांचे अर्धे सत्य ते हेच. हक्क मूलभूत राहिला नाही, पण घटनात्मक राहिला. प्रत्यक्षातला फरक असा की, या हक्कासाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही, अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. सरकारला कायद्याशिवाय जमीन घेता येते असा त्याचा अर्थ कोणत्याही न्यायालयाने कधी लावलेला नाही.

शिवाय तारीख पाहा. ही दुरुस्ती २० जून १९७९ पासून लागू झाली. तुमच्या बागेतून रस्ता गेला १९७४ साली. त्या दिवशी अनुच्छेद ३१ जिवंत होता. 'मोबदला' जाऊन 'रक्कम' आली असली तरी कायद्याशिवाय जमीन घेण्याची मुभा त्यातही नव्हती. म्हणजे ज्या हक्काच्या मरणाचा दाखला तुम्हाला देण्यात आला, तो हक्क तुमची जमीन गेली तेव्हा शाबूत होता. हा मुद्दा माझ्या डोक्यातून निघालेला नाही. हिमाचल प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी एका निरक्षर विधवेची जमीन संपादनाची कोणतीही प्रक्रिया न करता घेण्यात आली. शेजारच्या जमीनमालकांना न्यायालयामार्फत मोबदला मिळू लागल्याचे कळल्यावर ती २०१० मध्ये उच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिला दिवाणी दावा लावण्यास सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या निकालात तो आदेश रद्द केला, जमीन गेली त्या वेळी हा हक्क मूलभूत होता याची आवर्जून नोंद घेतली, आणि मोबदला द्यायला लावला. राज्याने तिथे आणखी एक बचाव घेतला होता की, इतकी वर्षे आमचा ताबा आहे, म्हणून प्रतिकूल ताब्याने आम्हीच मालक झालो. कल्याणकारी राज्याने आपल्याच नागरिकाविरुद्ध असा बचाव घेणे न्यायालयाने नाकारले. 'पन्नास वर्षे सरकारच्या ताब्यात आहे' या साहेबांच्या वाक्याचे उत्तर त्यात आहे. आपल्या राज्यातलेही उदाहरण आहे. ठाण्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीसाठी १९६४ मध्ये अधिसूचना निघाली, जमिनी गेल्या, पण मोबदला ठरविणारा निवाडा कधी झालाच नाही. तुकाराम काना जोशी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने २०१२ मध्ये उशिराचा आक्षेप बाजूला ठेवला आणि कायद्याप्रमाणे संपादन करून मोबदला देण्यास सांगितले.

इथवर वाचून तुमच्या दिरांना हुरूप येईल. तो थोडा आवरावा लागेल, कारण तुमच्या पत्रातले एक वाक्य मला सारखे अडखळवत आहे: "आजोबांनी त्या वेळी हरकत घेतली नव्हती."

सय्यद मकबूल अली विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना एक इशारा दिला आहे. त्याचा मथितार्थ असा की, गावाला रस्ता यावा, तळे व्हावे, बंधारा व्हावा म्हणून गावकरी स्वखुशीने आपल्या जमिनीचा तुकडा सोडतात. तेव्हा त्या जमिनीला किंमत नसते. आणि दशके उलटून भाव वाढले की तीच जमीन संमतीशिवाय घेतली असे दावे येऊ लागतात, म्हणून अशा अर्जांकडे सावधपणे पाहावे. हे न्यायालयाने दिल्लीत बसून लिहिले असले तरी त्यात आपल्या गावांचे चित्र अगदी जसेच्या तसे आहे. श्रमदानातून काढलेल्या पाखाड्या, देवळाकडे जाणाऱ्या वाटेसाठी सोडलेली दोन हात जागा, 'गाडी दारात येईल' म्हणून आनंदाने मागे घेतलेले गडगे कोकणात कोणत्या गावात नाहीत? यांपैकी बहुतेकांचा कागद नसतो. ज्यांनी शब्द दिला आणि ज्यांनी घेतला ते दोघेही आता नसतात.

मग विद्या देवींचा निकाल खरा की सय्यद मकबूल अलींचा? ताई, दोन्ही खरे. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायाधीशांच्या पीठांचे आहेत, एकाने दुसऱ्याला खोडलेले नाही. त्यांच्यामधून जाणारी रेघ हकिगतीची आहे. जमीन दिली होती की घेतली होती, हा तो प्रश्न. ही रेघ कोणी सिद्ध करायची, यावर २०२२ चा सुख दत्त रत्रा यांचा निकाल प्रकाश टाकतो. तोही हिमाचलचाच, रस्ता १९७२-७३ मधला. राज्याने सांगितले की मालकांनी तोंडी संमती दिली होती, हरकत कधी घेतली नाही. न्यायालयाने विचारले, पुरावा कुठे आहे? तो नव्हता. नुसत्या गप्प राहण्यावरून संमती गृहीत धरायला न्यायालय तयार झाले नाही, आणि संपादन झाल्याचे मानून मोबदला देण्याचा आदेश झाला. 'मौन ही संमती' ही म्हण लग्नाच्या बैठकीत चालते, भूसंपादनात चालत नाही, असे मी पक्षकारांना सांगत असतो.

तरीही मला राहून राहून तुमच्या आत्येसासूबाईंनी सांगितलेली आठवण डोळ्यांसमोर येते. गडगा पाडला जात आहे आणि म्हातारा माणूस दिवसभर चिरे उचलून बाजूला ठेवत आहे. सरकारी वकील म्हणतील, पाहा, त्यांनी स्वतःच्या हाताने वाट मोकळी करून दिली. तुमचे वकील म्हणतील, ते आपले चिरे वाचवत होते. गडगा वाचत नसेल तर निदान चिरे तरी. हे दृश्य एकच असून त्यातून दोन खटले उभे राहतात, आणि मघाशी सांगितलेल्या निकालांपैकी तुम्हाला कोणता लागू पडेल ते बऱ्याच अंशी त्यावर ठरेल. म्हणून आत्येसासूबाईंना नीट विचारा, पण त्यांना उत्तर सुचवू नका. ते चिरे नंतर कशाला वापरले? नवा गडगा आत घेऊन बांधला का, आणि त्याची मजुरी कोणी दिली? मुकादमाशी किंवा सरपंचांशी आजोबांचे काही बोलणे झाले होते का? जे निघेल ते तुमच्या विरुद्ध असले तरी आपल्या वकिलांना सांगा. पक्षकाराने लपविलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर येते तेव्हा वकिलाची जी अवस्था होते ती मी भोगलेली आहे.

एक निकाल दुसऱ्याला खरोखर खोडतो तेव्हा काय होते, हेही सांगतो, कारण 'एकदा असे, एकदा तसे' ही तुमची तक्रार काही वेळा रास्तही असते. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद होती की, जुन्या कायद्याखाली निवाडा होऊन पाच वर्षे लोटली आणि मोबदला दिला गेला नाही किंवा ताबा घेतला गेला नाही तर काही परिस्थितींत संपादन रद्द समजावे. २०१४ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या खटल्यात तीन न्यायाधीशांनी सांगितले की, पैसे सरकारी तिजोरीत ठेवणे म्हणजे मोबदला देणे नव्हे, आणि त्या आधारावर देशभर असंख्य संपादने मोडली. २०१८ मध्ये दुसऱ्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकालच चुकीचा असल्याचे म्हटले, मोठा गोंधळ उडाला, आणि मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी पुण्याचा निकाल रीतसर रद्द केला. २०१९ मध्ये जो शेतकरी आपला खटला जिंकल्यातच जमा समजत होता तो २०२० मध्ये हरला, आणि त्याला यात न्याय दिसला नसेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण मतभेद झाला की तो अधिक मोठ्या पीठाकडे जातो आणि तिथे जे ठरते ते अनुच्छेद १४१ नुसार सर्व न्यायालयांना बांधते, ही रीत निदान ठरलेली आहे. म्हणून कोणी निकाल पुढे केला की त्याचे वर्ष आणि पीठातील न्यायाधीशांची संख्या विचारत जा. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये या दोन गोष्टी सहसा नसतात. तुमच्या दिरांच्या मेसेजमध्ये संख्या तरी होती, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

आता होणाऱ्या रुंदीकरणाबद्दल. तिथे तुमची बाजू जुन्या रस्त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे, कारण अजून काहीच घडलेले नाही. अनुच्छेद ३००क मधल्या 'कायद्याचा अधिकार' या शब्दांत काय काय येते ते सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या एका खटल्यात उलगडून सांगितले. मालकाला आधी नोटीस मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारणांसह निर्णय झाला पाहिजे, हेतू सार्वजनिक असला पाहिजे, मोबदला रास्त असला पाहिजे, काम वेळेत व्हायला हवे आणि शेवटी ताबा घेऊन प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे. १९७८ मध्ये लिहिलेल्या एका ओळीतून न्यायालयाने शेहेचाळीस वर्षांनी हे सात धागे काढून दाखविले. नवे अक्षर एकही घातले नाही. खटल्यामागून खटले येत गेले, प्रत्येकात कुठेतरी काहीतरी राहून गेले होते, आणि त्या राहून गेलेल्या गोष्टींची मिळून ही यादी झाली.

तुमच्याकडे आलेले संमतीपत्र ही सगळी वाट ओलांडून जाण्याचा मार्ग आहे. तो बेकायदा आहे असे नाही. वाटाघाटीने थेट खरेदी शासनही करते आणि कित्येकदा ती मालकाच्या सोयीची असते. मात्र कागद पूर्ण वाचल्याशिवाय, त्यात दर, क्षेत्र आणि झाडांची संख्या लिहिलेली असल्याशिवाय, 'विनामोबदला' हा शब्द कुठे दडलेला नाही याची खात्री केल्याशिवाय सही करू नका. खाते सामायिक असल्याने सतराही जणांचा त्यात संबंध येतो. घरात राहणाऱ्या एकट्या माणसाने सर्वांच्या वतीने सही करू नये, नाहीतर पुढचा खटला सरकारशी न होता जावा-जावांत होईल. अकरा कलमांचे मूल्यांकन जमिनीच्या दरात गुंडाळू देऊ नका. झाडांचे मूल्य तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे ठरवून घेण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. मोबदल्याइतकीच दिलासा रक्कम वर मिळण्याचीही आहे.

जुन्या सात गुंठ्यांसाठी आधी कागद गोळा करावे लागतील. सातबाऱ्यावर पूर्ण क्षेत्र कायम आहे, ही तुमच्या पत्रातली सर्वांत आश्वासक गोष्ट आहे, कारण रीतसर संपादन झाले असते तर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातील बदलाची नोंद) होऊन क्षेत्र घटायला हवे होते. तरी भूमी अभिलेख कार्यालयातून तसे पत्रक झाले आहे का ते लेखी विचारा. कुळकायद्याच्या कलम ३२म चे खरेदी प्रमाणपत्र आणि तेव्हापासूनचे सर्व फेरफार काढून ठेवा. माहितीच्या अधिकारात प्रांत कार्यालयाकडे निवाड्याची आणि रस्ता बांधणाऱ्या खात्याकडे ताबा पावतीची व संमतीपत्राची प्रत मागा. 'अभिलेख आढळून येत नाही' असे उत्तर आले तर निराश होऊ नका. तो कागद जपून ठेवा, पुढे तोच बोलेल. त्यानंतर संबंधित अधिकाऱ्यांकडे मोबदल्याची लेखी मागणी करा, आणि दाद लागली नाही तर उच्च न्यायालयाचा विचार करा. त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडवरून तुम्ही एका दिवसात जाऊन येऊ शकाल. रस्ता उखडून जमीन परत मिळेल अशी अपेक्षा मात्र धरू नका, तशी मागणीही करू नका. न्यायालय फार तर संपादनाची प्रक्रिया पूर्ण करून मोबदला देण्यास सांगेल.

आणि एक काम वकिलाची वाट न पाहता करा. जुन्या गडग्याचा पाया रस्त्याच्या कडेला कुठे ना कुठे दिसत असेल. चिऱ्यांची एखादी रांग गवतात, गटाराच्या काठाला, एखाद्या जुन्या कलमाच्या बुंध्याशी राहिलेली असते. रुंदीकरणाचे यंत्र फिरले की ती जाईल. मोजणीचा अर्ज आजच द्या, आणि तोवर आत्येसासूबाईंना खुर्ची टाकून तिथे बसवा, त्यांना बोट दाखवू द्या आणि त्या जागेचे, मागे एखादी न हलणारी खूण दिसेल असे, तारखेसह फोटो काढून ठेवा.